जोडे माणसाळवणारा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, असं मी त्या दुपारी दुकानात आधीच बजावून ठेवलं. शिंपीबुवा म्हणाले, मग सांगताच कशाला? पण म्हणून ते उठून जाऊ शकत नव्हते. त्यांचा डावा बूट माझ्या मांडीवर उपडा पडला होता, तळ अर्धा उसवलेला. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला मान हलवता येत नाही, माझ्या गिऱ्हाइकाला पाय. श्रोते मिळवायला आम्हा दोघांनाही फारसे कष्ट पडत नाहीत. बाकावर बुवांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, टाच निखळलेला सँडल हातात धरून. त्या म्हणाल्या, खुशाल सांगा, रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्यांच्या तोंडात बघण्यातच माझा जन्म चाललाय. मागे शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर आमची सूनबाई लेसांचा गुंता सोडवत बसली होती. ती इमारतींचे नकाशे काढते, वर घरातच बसून, आणि डोळे शिणले की जिना उतरून खाली येते.

तर ऐका. जोडे शिवणारे पुष्कळ आहेत. मी शिवतो, आणि शिवून झाले की माणसाळवतो. नवा जोडा हे मुळात रानटी जनावर. तुम्ही म्हणता ‘बूट चावला’, आणि पट्टी चिकटवून मोकळे होता. तुम्हाला वाटतं ती नुसती बोलायची रीत. मी चावताना पाहिलाय. एका पहारेकऱ्यानं घाई करून कोरे करकरीत बूट माझ्या हातातून ओढून नेले, तर त्यातल्या उजव्यानं त्याची करंगळी जी धरली ती दवाखान्यापर्यंत सोडली नाही. तिथेही आधी बुटालाच भूल द्यावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, इंजेक्शन कुठे दिलं? मी म्हटलं, जिभेत. बुटाला जीभ असते, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल.

म्हणून माझ्या हातचा जोडा आधी मी घालतो आणि मग गिऱ्हाईक. आता तुम्ही विचाराल, सगळ्यांची मापं तुम्हाला कशी येतात? इथेच खरी गंमत आहे. माझे पाय दिसायला साधे, पण स्वभावानं मोठे भिडस्त. ज्याचा जोडा घालीन त्याच्यासारखे होतात. बायको होती तेव्हा ती शेजारणींना सांगायची, आमचे हे सकाळी पाच नंबरचे असतात आणि दिवे लागेपर्यंत दहाचे होतात, मोजे कुठले विणायचे सांगा. शेवटी तिनं विणणंच सोडून दिलं.

शिंपीबुवा म्हणाले, मापाचं तुम्ही मला सांगू नका, आणि उघडा पाय त्यांनी जरा बाकाखाली ओढून घेतला.

पण पायापेक्षा मोठी आहे ती रीत. ती मला माझ्या वडिलांनी शिकवली आणि त्यांच्या हातचा जोडा कधी कुणाला चावला नाही. नवा जोडा पहिल्या दिवशी घरातल्या घरात घालायचा, एक चहा पिऊन होईपर्यंत. चहा संपला की काढायचा. बरा वाटत असला तरी काढायचा. खरं म्हणजे बरा वाटायला लागला की लगेच काढायचा, कारण तो चावतो तो नेमका तेव्हाच, आपण गाफील असताना. काढला की आत वर्तमानपत्राचा कागद भरायचा आणि त्याला एकटं सोडायचं. सारखं हाताळायचं नाही, दाबून बघायचं नाही, कौतुक करायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चहा. चामड्याशी घाई केली की ते मनात धरून ठेवतं.

या रीतीनं मी असे काही जोडे तयार केले की विचारू नका. एका बँकेच्या साहेबांचे बूट इतके सरावले, की रविवारी सकाळीसुद्धा ठरल्या वेळी दारातून निघाले आणि बँकेच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. साहेब मागून मोजे घालून धावत. त्यांना सोमवारी बढती मिळाली. वरच्यांना वाटलं, हा माणूस सुट्टीच्या दिवशीही येतो.

एवढं सांगून होईपर्यंत तळाला खळ लावून झाली होती. ती वाळायला वेळ लागतो. म्हणून मग मी मुद्द्यावर आलो.

आमचा पोरगा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माणसाच्या आतलं सगळं त्याला दिसतं, पण बापाला लग्नाची बातमी द्यायची तर त्याला शब्द सापडेनात. एक दिवस तो हिला घेऊनच आला. मुलगी लांबची. तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला तेव्हा येत नव्हती. ती दोघं आपापसात इंग्रजीत बोलायची, इंग्रजीत भांडायची, आणि मी मधे बसून रेडिओवर परक्या गावच्या बातम्या ऐकाव्यात तसा ऐकायचो. पोरगा सकाळी निघून जायचा तो दिवेलागणीला परतायचा. वर ती एकटी, खाली मी एकटा, मधे एक लाकडी जिना. तिची सूटकेस दाराच्या मागे उभी. तिनं ती उघडली, लागतील ते कपडे काढले, आणि पुन्हा बंद करून तशीच उभी करून ठेवली. आडवी पडलेली सूटकेस म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा. उभी सूटकेस म्हणजे रिक्षाची वाट बघणारा.

आणि रिक्षा काही लांब नव्हती. तिच्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलातून पोराला बोलावणं आलं होतं. त्यानं मला सरळ सांगितलं, बाबा, मी तिच्यावर सोपवलंय. तिला इथे रुळल्यासारखं वाटलं तर राहू, नाहीतर जाऊ. महिना संपेपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. दुसरं काय म्हणणार? बायको गेल्यापासून त्या घरात पोराच्या पावलांचा आवाज एवढा एकच आवाज माझा होता. पण असलं काही मुलाला सांगायचं नसतं. सांगितलं की ते त्याच्या पायातली बेडी होते, आणि बेडी हा काही मी शिवतो तो माल नव्हे.

मी ठरवलं, हिला रुळवायचं. नव्याला जुनं करणं हाच तर माझा धंदा. फक्त भाषा हवी होती.

तेव्हा माझ्याकडे शाळेतल्या इंग्रजीच्या बाई यायच्या. त्यांच्या अंगठ्याशेजारचं हाड वाढलेलं, त्यामुळे जगातला कुठलाही जोडा त्यांना लांबून बघूनच दात काढायचा. मी म्हटलं, बाई, तुमचे जोडे मी कुत्र्याच्या पिलासारखे मवाळ करून देतो, मला इंग्रजी शिकवा. त्या म्हणाल्या, आधी ‘हाऊ आर यू’ घेऊ. मी म्हटलं, एवढा वेळ नाही. मला फक्त सवयीचं इंग्रजी द्या. सवय नसते तेव्हा काय म्हणतात, होत असते तेव्हा काय, आणि झाली की काय. बाकीचं मी सांभाळून घेईन.

बाई आधी हसल्या, पण मग रंगल्या. रोज येऊन बसायच्या, मी त्यांचा बूट लाकडी फर्म्यावर ताणत असायचो आणि त्या एकेक शब्द पुढे ठेवायच्या. ‘आय ॲम नॉट यूज्ड टू इट’ म्हणजे अजून सवय नाही. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’ म्हणजे होतेय हळूहळू. ‘फमिलियर’ म्हणजे ओळखीचं. ‘फील ॲट होम’ म्हणजे परक्या घरात आपलं वाटणं. ‘सेकंड नेचर’ म्हणजे इतकं अंगवळणी पडलेलं की जणू तोच स्वभाव. मी म्हटलं, बाई, आमच्याकडेही काही कमी नाही. माणूस रुळतो, सरावतो, माणसाळतो, मुरतो. त्या म्हणाल्या, दोन्हीकडे भरपूर आहे खरं. मी म्हटलं, न बोलावता जगभर जाऊन राहणाऱ्या इंग्रजांना असले शब्द लागणारच.

एकदा त्यांनी मला दिलं, ‘आय नो इट लाइक द बॅक ऑफ माय हँड’. हाताच्या पाठीइतकं ओळखीचं. मी घरी जाऊन हाताची पाठ बघितली, तर मला ती ओळखूच येईना. इतकी वर्षं मी कामाकडे बघत होतो, हाताकडे नाही. चामडं कापायच्या रापीचे कापे, मेणाचे डाग, उठलेल्या शिरा. कुणाच्यातरी म्हाताऱ्या बापाचा हात. ते वाक्य मी वापरायचं नाही असं ठरवलं.

बाकीची मात्र घोकली. दुकानात दुसरं कुणी नसलं की मी जोड्यांनाच म्हणून दाखवायचो. त्यात एक घोटाळा झाला. एका वकिलाच्या बुटांपुढे मी ‘फील ॲट होम’ इतक्या वेळा म्हटलं की त्यांनी ते मनावरच घेतलं. वकिलांनी घरी नेऊन घातले आणि ते उंबऱ्याबाहेर पडेनात. वकील ओढतायत, बूट उंबऱ्याला टाच लावून उभे. शेवटी अशिलांनाच त्यांच्या घरी जावं लागायला लागलं. अजून जातात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठले हो हे वकील? मी म्हटलं, व्यवसायाची गुपितं असतात, तुम्हाला सांगायला नको.

इकडे वर मी कामाला लागलो होतो. रोज दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटायचो, हात धुवायचो आणि जिना चढायचो. चहा मी करायचो. सूनबाई कागद बाजूला सारून समोर बसायची. मी त्या दिवसाचं वाक्य म्हणायचो. ती आधी चकित व्हायची, मग काहीतरी बोलायला लागायची. आणि चहा संपला की मी उठायचो. तिचं बोलणं अर्ध्यावर असलं तरी उठायचो. घाई करायची नाही, आजच्यापुरतं एवढं बास. उठताना आठवणीनं वर्तमानपत्र तिच्या हातात द्यायचो आणि खाली निघून यायचो.

शिंपीबुवा म्हणाले, मराठी वर्तमानपत्र?

मराठीच. दुसरं कुठून आणू? ती त्याकडे बघायची आणि ‘थँक्यू’ म्हणायची. मी खूश. जिना उतरताना मी स्वतःलाच शाबासकी द्यायचो. एक दिवस ती माझ्या वाक्याला मोकळेपणानं हसली. अशी हसली की घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मी अर्धा चहा तसाच टाकून उठलो. बरं वाटायला लागलं की काढायचा, वडिलांनी सांगून ठेवलेलं. दुसऱ्या एका दिवशी तिनं तिच्या आईचा फोटो आणून माझ्यापुढे ठेवला, खुर्ची जवळ ओढली, एकेका माणसावर बोट ठेवून सांगायला लागली. कप रिकामा झाला होता. मी फोटो नीट पुसून परत दिला, वर्तमानपत्र दिलं आणि खाली आलो. त्या दिवशी मी आरी हातात घेऊन शीळ घालत होतो, हे समोरचा पानवालासुद्धा सांगेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं छान चाललं होतं तर पुढे काय झालं? पुढे असं झालं की एका रविवारी पोरगा खाली आला, तुम्ही बसलाय त्याच बाकावर बसला आणि म्हणाला, आम्ही जायचं ठरवलं.

मी हातातली हातोडी खाली ठेवली नाही. तशीच धरून बसलो.

तो म्हणाला, तिला गाव आवडलं, घर आवडलं. पण तिचं म्हणणं आहे की तुझ्या बाबांना मी नको आहे. मी बोलायला लागले की ते उठतात. मी हसले तर कप तसाच टाकून उठतात. आईचा फोटो दाखवला तेव्हा तर पळालेच. आणि रोज जाताना मला न वाचता येणारा कागद हातात देऊन जातात, आता तू हे वाच आणि मला सोड, असं सांगितल्यासारखा. एका घरात राहून रोज असं उठून जाणारं माणूस बघायची सवय मला करून घ्यायची नाही.

मग मी त्याला सगळी रीत सांगितली. पहिल्या दिवशी किती, मग किती, बरं वाटलं तर काय करायचं, कागद कशासाठी. तो ऐकत गेला तसं त्याचं तोंड उघडं पडत गेलं. शेवटी म्हणाला, “बाबा, ती काय बूट आहे?”

मी म्हटलं, माणूस बुटापेक्षा नाजूक असतं, म्हणूनच तर जास्त जपून चाललो होतो.

तो हसला नाही. त्यानं माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाला, हे मी तिला सांगणार नाही. तुम्ही जाऊन सांगा. एवढं इंग्रजी शिकलात ना, बाई मला हॉस्पिटलात भेटल्या होत्या. आणि तो दार ओढून बाहेर निघून गेला, आम्हाला घर मोकळं करून द्यायला.

इथे मी जरा थांबलो. खळ वाळली होती, तळ बसवायचा होता. डॉक्टरीणबाई सँडल मांडीवर ठेवून पुढे झुकल्या होत्या. शिंपीबुवांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली होती, आपला एक पाय उघडा आहे हे विसरून. मागे लेसांची खुसपूस थांबलेली होती, पण मी तिकडे बघितलं नाही.

जिना चढलो. अशा वेळी जिन्याच्या पायऱ्या एकदम वाढतात, हे तुम्हाला अनुभवाचं असेल. त्या दिवशी त्या इतक्या वाढल्या की मधे दोन ठिकाणी मला विश्रांतीला बसावं लागलं आणि एका वळणावर तर ढग लागले. वर पोचलो तो डोक्यातलं सगळं इंग्रजी वाटेत सांडून गेलेलं. सूटकेस पलंगावर आडवी होती आणि उघडी. आत कपडे भरलेले. म्हणजे आडव्या सूटकेशीबद्दल मी जे काही समजत होतो तेही चूकच.

तिनं मला बघितलं. रागावली नाही, हे जास्त वाईट. तिनं चहा ठेवला. त्या दिवशी चहा तिनं केला. दोन कप आणून समोर बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उचलून तिनंच माझ्या हातात दिलं. मागाहून कळलं की तिला एव्हाना वाटायला लागलं होतं, इथे कुणाला निरोप द्यायचा तर असाच देतात. चला, झालं आपलं, असं म्हणायची आमची पद्धत.

मी ते वर्तमानपत्र जमिनीवर ठेवलं. आणि बसून राहिलो.

चहा संपला. बसून राहिलो. ती कप उचलून घेऊन गेली, धुतले, पालथे घातले, परत आली, तर मी तिथेच. तिनं सूटकेसमध्ये कपड्यांच्या दोन घड्या ठेवल्या आणि वळून बघितलं, तर मी तिथेच. खाली गिऱ्हाइकं दार वाजवायला लागली. कुणीतरी हाका मारत होतं, मामा, माझा बूट! मामा, माझी चप्पल! मी काही हललो नाही. इतका बसलो की खुर्चीच्या पायांना मुळं फुटली. एक चिमणी खिडकीतून आत आली, तिनं माझ्या खांद्यावर काड्या आणायला सुरुवात केली आणि मी तिला हाकललं नाही, कारण हाकलायचं तर उठावं लागलं असतं.

मग सूनबाई पलंगाच्या कडेला बसली. बोलायला लागली. आधी इंग्रजीत. त्यातलं मला काय कळणार? पण मधेच ‘यूज्ड टू’ यायचं आणि मला बरं वाटायचं, परक्या गावच्या बाजारात आपल्या गल्लीतला माणूस दिसावा तसं. पुन्हा गर्दी, पुन्हा तो माणूस. मी प्रत्येक वेळी मान हलवायचो. नंतर तिचं इंग्रजी सरलं आणि ती तिच्या भाषेत बोलायला लागली. तेव्हा मीही मराठीत सुरू झालो. ती बहुधा तिच्या आईच्या स्वयंपाकघराचं सांगत होती, कारण हात करून करून दाखवत होती, मीठ इथे, काड्यापेटी इथे, डोळे मिटून सापडतं. मी तिला बायकोचं सांगितलं. ती गेल्यावर मी कित्येक दिवस दोन कप चहा टाकत होतो आणि दुसरा फेकवत नाही म्हणून दोन्ही पीत होतो, हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला सांगायला बरं पडतं. तिनं माझी सगळी गोष्ट ऐकली. मी तिची ऐकली. आईचा फोटो पुन्हा काढला, आणि या वेळी मी प्रत्येक बोटामागे गेलो, मावशी असेल, मामा असेल, हा बहुतेक कुत्रा.

ऊन सरकत सरकत पलंगावरून भिंतीवर गेलं. खालची गिऱ्हाइकं दमून अनवाणी घरी गेली असावीत.

शिंपीबुवा हळूच म्हणाले, मग?

मग काय. सूटकेस उघडीच होती. सूनबाई माझ्याकडे बघत होती आणि मी वर्तमानपत्राकडे. आणि एकदम तिचे डोळे भरून आले. बघता बघता गालांवरून पाणी ओघळायला लागलं. चिमणी उडून गेली. आणि ती मला म्हणाली, इंग्रजीत म्हणाली, अगदी स्पष्ट, “आय ॲम यूज्ड टू यू नाऊ. मला तुमची सवय झाली आता. तुम्ही नसण्याची सवय मी कुठून आणू?”

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या कडेला बोट लावलं आणि सँडलकडे बघत विचारलं, एवढं सगळं इंग्रजी तुम्हाला कळलं?

मी म्हटलं, सवयीचं इंग्रजी मला सगळं येतं, बाईंनी शिकवलेलं.

आणि तुम्ही काय म्हणालात तिला? शिंपीबुवांनी विचारलं.

मी तळावर एक लोखंडी चूक ठोकली. म्हटलं, मी काय म्हणणार? मी पडलो सासरा. घरात कुणीतरी शांत डोक्याचं हवं. मी म्हटलं, बरं बरं, रडू नकोस, एवढं वाटतंय तर राहा. आणि खाली येऊन दुकान उघडलं.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सूनबाई उठून पुढे आली. सोडवलेल्या लेसा तिनं बोटांवर गुंडाळून घेतल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाकावरच्या दोघांना सांगत होती, आणि तिच्या मराठीत अजूनही शब्दांच्या मधे छोट्या छोट्या जागा असतात.

“बाबांच्या थापांना मी सरावलेय, म्हणून गप्प बसते,” ती म्हणाली. “पण हे खोटं आहे. रडत मी नव्हते, आणि ते सवयीचं मी नव्हते म्हणाले. ते बाबा म्हणाले. पहिलं वाक्य इंग्रजीत, म्हणून मी सूटकेस रिकामी केली. दुसरं, नसण्याच्या सवयीचं, त्यांनी मराठीत म्हटलं, ते मला मराठी यायला लागल्यावर कळलं.”